ईफिक्स वापरून जुने फॅक्स उघडले, त्याचा अनुभव

ईफिक्स हे नाव दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी ऐकलंच नव्हतं आणि आता रोज रात्री जेवणं झाली की तेच उघडून बसतोय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं, मराठीत यावर मला एक ओळ सापडली नाही आणि ज्यांच्या घरात-ऑफिसात जुन्या फॅक्सच्या फाइल्स सीडीवर पडून आहेत त्यांना नक्की उपयोग होईल.

आधी हे आहे काय ते सांगतो. लिनक्सवर ईफॅक्स नावाचं एक पॅकेज आहे, मोडेमवरून फॅक्स पाठवायला आणि घ्यायला, एड कासास यांनी लिहिलेलं, त्याच्या ०.९ आवृत्तीवर साल आहे १९९९. त्या पॅकेजसोबत ईफिक्स ही वेगळी छोटी कमांड येते. तिचं काम एकच, फॅक्स, साधा मजकूर आणि चित्र या तीन जातींच्या फाइल्स एकमेकांत बदलून देणं. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या टर्मिनलमध्ये टाइप करायचं. फुकट आहे, जीपीएल लायसन्सचं. डेबियन-उबंटूच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर ईफॅक्स पॅकेज टाकलं की ही कमांड आपोआप येते, विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकता येईल. मोडेम नसला तरी चालतं, फाइल बदलायला मोडेमची गरज नाही.

आता मला हे का लागलं. आमचं गाव इचलकरंजी, माझे थोरले चुलते, आम्ही तात्या म्हणतो, त्यांचे डॉबीचे माग होते, डॉबी म्हणजे ठरवलेले धागे उचलून कापडात डिझाइन विणणारी यंत्रणा. मुंबईहून दलालाकडून ऑर्डरी फॅक्सने यायच्या, पन्ना (कापडाची रुंदी) किती, रीड-पीक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी) किती, ताके किती, आणि त्याच्या मागोमाग डिझाइनचा कागद यायचा, म्हणजे ग्राफ पेपरवर काळे केलेले चौकोन, ड्राफ्ट (धागे ओवायचा आराखडा) आणि पेग प्लॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॉबीच्या पट्ट्यांमध्ये कुठल्या भोकात पेग ठोकायचा आणि कुठलं मोकळं सोडायचं ते या चौकोनांवरून ठरतं, एक चौकोन चुकला की तेवढेच धागे चुकीच्या वेळी उचलले जातात आणि ती चूक डिझाइनच्या प्रत्येक रिपीटमध्ये अख्ख्या ताक्यावर उमटत राहते. माझ्या आतेभावाने साधारण २००० च्या सुमाराला ऑफिसातल्या पीसीवर लिनक्स टाकून मोडेम जोडून दिला होता, तेव्हापासून फॅक्स थेट फाइलमध्ये उतरायचे आणि प्रिंट काढून लूमवर जायचे. लूमवरचा कागद तेलात आणि सुताच्या धुळीत माखून आठवड्यात फाटायचा. त्याच्या आधीचे जे फॅक्स मशीनच्या रोलवर आले होते ते सगळे कोरे झालेत, थर्मल कागद आहे तो, उष्णतेने काळा होतो आणि उष्णतेनेच, उजेडानेच उडतो, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला तर अजून लवकर. तात्यांनी ते फोल्डर जिवापाड जपून ठेवले होते, उघडले तर आत पिवळट कागद, अक्षर नाही.

राहिल्या त्या फक्त सीडीवरच्या फाइल्स. मोजल्या तर ३८६ पानं. आता धाकट्या भावाला त्यातली काही चेक्सची आणि डॉबीची डिझाइनं परत काढायचीत, आणि ती वाचू शकणारा घरात एकच माणूस उरलाय, तात्या, वय ७७, डोळे अजून चांगले आहेत पण किती दिवस, त्यामुळे मला घाई होती.

पहिल्यांदा मी सरळ मार्ग धरला. जवळच्या शहरातल्या एका स्कॅनिंगच्या दुकानात सीडी दिली, त्यांनी कुठल्यातरी प्रोग्रॅममधून पानं उघडली, प्रिंट काढले, परत स्कॅन केले आणि जेपीजी करून दिले, पानामागे पैसे घेतले. तात्यांपुढे धरले तर ते बघतच राहिले. "अरे, ह्यात चौकोनच न्हाईत, नुसत्या फळ्या हायत. पेग मोजू कुठला?" प्रत्येक घर उभ्यामध्ये दाबून निम्मं झालेलं, आणि वरून जेपीजीने काळ्या-पांढऱ्याच्या कडेला करड्या राखेसारखे डाग आणलेले. बारीक रेघांच्या चित्राला जेपीजी कधीच वापरू नका हे मला आता कुणीही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, ती पद्धत फोटोंसाठी आहे, एका ठिपक्याच्या रेघेसाठी नाही.

मग शोधता शोधता कळलं की ज्या प्रोग्रॅमने हे फॅक्स घेतले होते त्याच्याच पॅकेजमध्ये त्या फाइल्स बदलायची कमांड आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं त्या पीसीवर ती पडून होती.

कमांड मी इथे देवनागरीत सांगतोय, टाइप करताना अर्थातच रोमन छोट्या लिपीत. ईफिक्स, पुढे डॅश ओ आणि हवा तो प्रकार, मग फाइलचं नाव. एवढंच. डॅश एन देऊन आउटपुटच्या नावाचा साचा सांगायचा, तो दिला नाही तर सगळं आउटपुट थेट स्क्रीनवर येतं, पहिल्या दिवशी माझ्या टर्मिनलवर चिन्हांचा पाऊस पडला आणि मला वाटलं फाइलच खराब आहे. तसं नसतं, एकतर साचा द्या नाहीतर मोठं-चिन्ह (>) वापरून फाइलमध्ये वळवा. पीबीएम (साधं काळं-पांढरं चित्र) प्रकार निवडून केलं आणि पहिलं पान उघडलं, ५ नोव्हेंबर असं वरच्या पट्टीत, खाली पेग प्लॅन, एकही करडा ठिपका नाही, काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं. मी तेव्हाच तात्यांना खाली हाक मारली.

पण चौकोन तरीही फळ्यांसारखेच. इथे मला थांबून शिकावं लागलं आणि हा भाग नीट वाचा, कारण टूल कुठलंही वापरा, हे माहीत नसेल तर सगळ्या पानांचा सत्यानाश होतो. फॅक्सचे ठिपके चौरस नसतात. एका ओळीत १७२८ ठिपके, म्हणजे आडवे मिलिमीटरला जवळपास ८. उभ्यामध्ये मात्र स्टँडर्ड मोडला मिलिमीटरला ३.८५ ओळी आणि फाइन मोडला ७.७ ओळी. इंचाच्या हिशोबात आडवं २०४, उभं ९८ किंवा १९६. फोन बिल वाचवायला बहुतेक लोक स्टँडर्डवरच पाठवायचे, पान निम्म्या वेळात जायचं. आता संगणकाचा साधा चित्र दाखवणारा प्रोग्रॅम प्रत्येक ठिपका चौरस धरतो, त्यामुळे स्टँडर्डचं पान निम्म्या उंचीचं दिसतं. दोन मिलिमीटरच्या ग्राफच्या एका घराला आडवे १६ ठिपके मिळतात आणि उभ्या फक्त सात-आठ ओळी. दुकानदाराने पान उघडलं, ते तसंच प्रिंट केलं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

ईफिक्समध्ये याला डॅश एस आहे, स्केल. १×२ दिलं की आडवं तेवढंच राहतं आणि उभं दुप्पट. दुप्पट करताना प्रत्येक ओळ दोनदा येते, नवीन काही घुसत नाही, जुनं काही जात नाही. मी सोबत डॅश आर देऊन आउटपुटचं रिझोल्यूशनसुद्धा २०४×१९६ असं स्पष्ट सांगतो, अंदाजावर सोडत नाही. असं केलेलं पान तात्यांना दिलं, त्यांनी खिशातली पट्टी काढली, ग्राफवर दर आठ घरांनंतर जाड रेघ असते, त्या आठ घरांचं आडवं माप घेतलं, उभं घेतलं, आणि म्हणाले, "हां, आता बसलं. आता वाच की."

खरं तर तरीही किंचित फरक राहतो. २०४ आणि १९६ मध्ये चार टक्क्यांचं अंतर आहे, त्यामुळे फाइन मोडचं पानही चौरस ठिपके धरून बघितलं तर उभ्यात चार टक्के आखूड दिसतं. मला वाटलं हेही दुरुस्त करावं म्हणून एका पानावर उभं बरोबर २०४ पर्यंत ताणून बघितलं, आणि लगेच मागे फिरलो. चार टक्के म्हणजे दर पंचवीसेक ओळींमागे एक ओळ जास्तीची घुसवायची, ती जिथे ग्राफच्या आडव्या रेघेवर पडते तिथे ती रेघ जाड होते, आणि मग आठव्या घराची जाड रेघ कुठली आणि ही नकली जाड कुठली हे ओळखायला येत नाही. दुप्पट, तिप्पट ठीक, अपूर्णांकात ताणू नका. ठिपके जसे आले तसे ठेवा आणि रिझोल्यूशन फाइलमध्ये लिहून ठेवा, पीडीएफ ते पाळतं. पीएनजीमध्येही लिहिता येतं पण बहुतेक बघायचे प्रोग्रॅम तिकडे लक्ष देत नाहीत.

कुठलं पान स्टँडर्डचं आणि कुठलं फाइनचं हे कसं ओळखायचं, तर दोन तऱ्हेच्या फाइल्स होत्या आमच्याकडे. काही टिफ या चित्र-फाइलच्या पाकिटातल्या, त्यात रिझोल्यूशन लिहिलेलं असतं, टिफइन्फो नावाची कमांड चालवली की वाचता येतं. पण सुरुवातीच्या वर्षाच्या कच्च्या जी-३ (फॅक्सचे ठिपके दाबून पाठवायची पद्धत) होत्या, त्यांना डोकंच नाही, पहिल्या बाइटपासून नुसता डेटा, मोड कुठला ते कुठेही लिहिलेलं नाही. तिथे ओळी मोजायच्या. ए४ च्या २९७ मिलिमीटरला स्टँडर्डमध्ये साधारण ११४० ओळी होतात आणि फाइनमध्ये २२९० च्या आसपास, त्यामुळे हजार-बाराशे ओळींचं पान दिसलं की समजायचं याला दुप्पट करायचंय. आखूड कागदावरून पाठवलेलं असलं तर फसायला होतं, मग ग्राफचे चौकोन बघायचे, आमच्या सुदैवाने जवळजवळ प्रत्येक पानावर चौकोन होते आणि चौकोन खोटं बोलत नाही.

आणखी एक गोष्ट, पानाची लांबी. ईफिक्स पानाचा आकार ए४ च्या लांबीचा धरून चालतं, त्यापेक्षा लांब काही आलं असेल तर खालचं कापलं जातं. दोन-तीन डिझाइनं दलालाने कागद जोडून लांबलचक पाठवली होती, त्यांची शेवटची घरं गायब झाली आणि मला कळलंच नाही, तात्यांनी रिपीट मोजताना पकडलं की हा प्लॅन अर्धवट आहे. डॅश पी देऊन लांबी वाढवली की पूर्ण येतं. म्हणून आधी टिफइन्फोमध्ये ओळी बघायच्या आणि मगच बदलायचं, हा क्रम मी आता मोडत नाही.

आउटपुटला काय काय मिळतं तर कच्चा फॅक्स, टिफ जी-३, पीबीएम, पीजीएम (करड्या छटांचं चित्र), पोस्टस्क्रिप्ट (छापायच्या पानाची भाषा) आणि जुन्या लेझर प्रिंटरांची पीसीएल. पीएनजी नाही, जेपीजी नाही, पीडीएफ नाही. हे लक्षात घेऊनच वापरा. पीबीएमचं पीएनजी करायला नेटपीबीएमची छोटी कमांड आहे, एका ओळीचं काम, आणि पोस्टस्क्रिप्टचं पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट करतं. माझ्यासारख्याला हे जोडकाम आवडतं, प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते कळतं, पण ज्याला एकाच कमांडमध्ये सगळं हवंय त्याला कंटाळा येईल, ते मी समजू शकतो.

खरी अडचण वेगळी आहे. साधारण ४० फाइल्स ईफिक्सने घेतल्याच नाहीत, घेतल्या त्या नुसता चिखल. या दुसऱ्या एका ऑफिसच्या पीसीवर आलेल्या फाइल्स होत्या, वेगळ्या प्रोग्रॅमने घेतलेल्या. कारण समजून घेतलं ते असं की जी-३ चे दोन प्रकार असतात. पहिल्यात प्रत्येक ओळ स्वतंत्र, किती पांढरे ठिपके मग किती काळे मग किती पांढरे असे आकडे ठरलेल्या कोडमध्ये, आणि ओळ संपली की अकरा शून्यं आणि एक एक अशी खूण. दुसऱ्यात काही ओळी पूर्ण आणि पुढच्या ओळी फक्त वरच्या ओळीपेक्षा काय बदललं एवढंच सांगणाऱ्या. ईफॅक्सचं सगळं कुटुंब फक्त पहिला प्रकार जाणतं. दुसरा प्रकार किंवा जी-४ (त्याच घराण्यातली नंतरची, जास्त दाबणारी पद्धत) असेल तर इथे थांबायचं आणि लिबटिफ या टिफ फाइल्सच्या साधनसंचातल्या फॅक्स-टू-टिफ कमांडकडे जायचं. त्यात डॅश २ दिलं की तो दोन मितींचा धरून वाचतो, आणि चिखलच येत असेल तर बिटचा क्रम उलटा आहे का बघायचं, डॅश कॅपिटल एम किंवा डॅश कॅपिटल एल. आमच्या ४० पैकी ३४ पानं अशी निघाली, बिटचा क्रम बदलल्याबरोबर अख्खं पान समोर उभं राहिलं, तो क्षण मला फार आवडला.

लिबटिफची साधनं सॅम लेफलर यांनी सुरू केलेली आहेत आणि आजही सांभाळली जातात, ईफिक्सपेक्षा ती कितीतरी भक्कम आहेत हे मान्य करायला हवं. फक्त ४.६ आवृत्तीत फॅक्स-टू-टिफसकट बरीच साधनं बाजूला काढली होती, ४.७ मध्ये परत आणली, त्यामुळे तुमच्या लिनक्सवर कमांड सापडत नसेल तर आवृत्ती बघा. फॅक्स-टू-टिफमध्ये डॅश एस दिलं की प्रत्येक ओळ दोनदा लिहिते, म्हणजे आपला १×२ तिथेही आहे. आणि टिफइन्फो नंतर सांगतो की पानात किती ओळी बिघडलेल्या होत्या, हे मला ईफिक्समध्ये असं नीट मिळालं नाही आणि आमच्या कामात ते फार महत्त्वाचं आहे. लाइनवर खरखर झाली की फॅक्सची एखादी ओळ बिघडते आणि प्लॅनमध्ये मधेच आडवी काळी पट्टी येते, ती पेग आहे की खरखर आहे हे ठरवायला बिघडलेल्या ओळींचा आकडा हाताशी असला की आपण त्या पानाकडे जास्त सावध होऊन बघतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक ओळ स्वतंत्र असल्यामुळे बिघाड त्या ओळीपुरताच राहतो, पुढची ओळ परत स्वच्छ. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या फोन लाइनवरून आलेलं पान आज वाचता येतंय याचं श्रेय त्या साध्या पद्धतीला आहे.

शेवटी मी जो रस्ता ठरवला तो असा. ईफिक्सने टिफ जी-३, एका पार्टीच्या सगळ्या पानांना लिबटिफच्याच टिफसीपीने जी-४ करून एका फाइलमध्ये बांधणं, आणि मग टिफ-टू-पीडीएफ. जी-४ चा डेटा एका पट्टीत असेल तर टिफ-टू-पीडीएफ तो परत उलगडत नाही, जसाच्या तसा पीडीएफमध्ये ठेवतो, म्हणजे एकही ठिपका हलत नाही. आकाराचं म्हणाल तर फाइन मोडचं उघडं पान, काहीही न दाबता, जवळपास ४ लाख ९४ हजार बाइटचं होतं, जी-४ मध्ये आमची पेग प्लॅनची पानं ३० ते ५० केबीमध्ये बसली. दुकानातून आलेलं एकेक जेपीजी ७०० केबी होतं आणि वाचता येत नव्हतं.

लोक विचारतील इमेजमॅजिक का नाही, सगळं तेच करतं. वापरलं की. फार मोठं आणि फार कामाचं आहे, जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँटमध्ये असताना सुरू केलेलं, शेकडो प्रकार वाचतं-लिहितं, जी-३ सुद्धा. पण फॅक्सच्या कामाला त्यात सावध राहावं लागतं, कारण ते मदत करायला जातं. आकार बदलायला सांगितलं की ते मधले करडे रंग तयार करतं आणि मग काळं-पांढरं करताना कुठे कापायचं ते आपल्याला ठरवावं लागतं, बारीक रेघा तिथेच जातात. त्याची मोग्रिफाय कमांड मूळ फाइलवरच लिहिते हे ध्यानात ठेवा आणि मूळ फाइल्सची कॉपी करूनच बसा. पीडीएफ बनवताना सिक्युरिटी पॉलिसीची एरर आली तर घाबरू नका, घोस्टस्क्रिप्टमध्ये सापडलेल्या धोक्यांमुळे काही लिनक्सवर ती वाट मुद्दाम बंद ठेवलेली होती. तिरकं आलेलं पान सरळ करायला मात्र मी इमेजमॅजिकचं डीस्क्यू वापरलं, ईफिक्समध्ये तसलं काही नाही, आणि तेही फक्त हाताने लिहिलेल्या ऑर्डरींच्या पानांवर, पेग प्लॅनला हात लावला नाही.

आता मजकुराचं. ईफिक्सला साधी टेक्स्ट फाइल दिली की ती पानावर टाइप करून फॅक्सचं चित्र बनवते, पानाला ६६ ओळी, टाइपरायटरसारखं दिसतं. मला प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका हवी होती, पार्टी, महिना, डिझाइन नंबर, शेरा. इंग्रजीत लगेच झाली. मराठीत झाली नाही आणि होणारही नाही. फॉन्ट २५६ अक्षरांचा, प्रत्येक बाइटला एक चित्र, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे "तात्या" लिहिलं की प्रत्येक चिन्हामागे तीन-तीन भलतीच अक्षरं उमटतात. दुसरा पीबीएम फॉन्ट देता येतो पण जोडाक्षरं, पहिली वेलांटी, रफार हे एका अक्षराला एक ठसा या हिशोबात बसतच नाही. त्या काळच्या टूलकडून ही अपेक्षा धरणं चूक आहे, पण मराठीत वापरणाऱ्याला आधी माहीत असावं म्हणून सांगतोय.

यावर उपाय पँगो, म्हणजे अक्षरं नीट जुळवून मांडणारी लायब्ररी. इमेजमॅजिकमध्ये पँगो हा इनपुटचा प्रकार आहे, त्याला मराठी टेक्स्ट फाइल दिली की जोडाक्षरं व्यवस्थित येतात. लेबल हा दुसरा प्रकार वापरू नका, किंवा वापरायचं तर तुमच्या इमेजमॅजिकमध्ये राक्म (अक्षरं जुळवणारा भाग) आहे का ते व्हर्शनच्या यादीत बघून घ्या, नाहीतर "डिझाइन"ची वेलांटी ड च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. पँगोने काढलेलं चित्र काळं-पांढरं पीबीएम करून ईफिक्सला दिलं आणि तिथून ते बाकी पानांसारखंच टिफ झालं, गठ्ठ्याच्या डोक्यावर मराठी अनुक्रमणिका, तात्यांना चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

एक सोय मला अनपेक्षित मिळाली, डॅश कॅपिटल ओ. एक चित्र दिलं की ते प्रत्येक पानावर वरून छापतं, लेटरहेड किंवा सहीसाठी केलेली सोय आहे. मी पानांना नंबर टाकायला वापरली, कोपऱ्यात छोटा आकडा असलेलं कोरं चित्र बनवायचं आणि वरून ठेवायचं. मूळ ठिपक्यांना धक्का नाही. कोपरा निवडताना फॅक्सच्या वरच्या बारीक पट्टीवर मात्र आकडा पडू देऊ नका.

त्या पट्टीचं सांगायचंच राहिलं. ईफॅक्स आलेल्या फाइलला तारीख-वेळेवरून नाव देतं, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि पुढे पान नंबर, उदाहरणार्थ ११०५१४३०२२.००१. यात साल नाही. एकाच फोल्डरमध्ये तीन वर्षांचे नोव्हेंबर एकत्र झाले होते आणि मी पहिल्या दिवशी साधी कॉपी केली त्यात फाइलची मूळ तारीखही बदलली, सीडी होती म्हणून वाचलो, परत कॉपीच्या कमांडला डॅश पी देऊन, म्हणजे तारीख जपून, कॉपी केली. तरीही खात्रीचं साल मिळालं ते त्या पट्टीतून, पाठवणाऱ्याचं मशीन ती छापतं, त्यात त्याचा नंबर आणि तारीख असते. मशीनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, एका पार्टीचं वर्षभर चुकलेलंच होतं, ते ऑर्डर नंबरांच्या क्रमावरून लावलं. दुकानातल्या स्कॅनमध्ये ही पट्टी कडेला म्हणून कापून टाकली होती. जो कोणी जुने फॅक्स बदलायला बसेल त्याने ती पट्टी शेवटपर्यंत सांभाळावी.

मी ईफिक्सला पाचपैकी चार देतो. एक कापला तो दुसऱ्या प्रकारचा जी-३ न वाचण्याबद्दल आणि बिघडलेल्या ओळींचा हिशोब न देण्याबद्दल. तुमच्याकडे लेझरवर छापलेले, कागदावरचे फॅक्स असतील तर हे टूल तुमच्या कामाचं नाही, तिथे स्कॅनरच हवा. मोडेमवरून उतरलेल्या फाइल्स असतील, विशेषतः ईफॅक्सच्या, तर आधी इथूनच सुरू करा आणि अडलं की लिबटिफ.

३८६ पैकी ३८० पानं झाली. उरलेल्या सहा फाइल्स दोन्ही साधनांनी उघडत नाहीत, त्यात एक अशी आहे जिच्या आधीचं आणि नंतरचं पान आहे आणि मधलंच नाही, बारा पेगांचा तुकडा. तात्यांनी त्या कापडाचा एक वीतभर नमुना ट्रंकेतून काढून दिलाय, सध्या ते भिंगाखाली धागे मोजतायत आणि मी ग्राफवर घरं काळी करतोय.